ऑनलाइन स्पीच थेरपी: चार वर्षांचा मुलगा लॅपटॉपसमोर बसतच नाही, चालू ठेवावी का?

डाळिंबबाग_सांगोला

नमस्कार. मी सांगोला तालुक्यातली. आमची डाळिंबाची बाग आहे. घरात मिस्टर, सासू-सासरे, दुसरीतली मुलगी आणि धाकटा दादू. येत्या दिवाळीत त्याला चार पूर्ण होतील.

दीड वर्षाचा असताना दादू 'आई', 'बाबा', 'भू' म्हणायचा. नंतर तेही हळूहळू थांबलं. हाक मारली तर बघत नाही, पण मोबाईलवर गाणं लागलं की आतल्या खोलीतून पळत येतो. हवं ते मागायला माझा हात धरून ओढत नेतो. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला आणि स्पीच थेरपी व ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणूनचा सराव) दोन्ही लगेच सुरू करायला सांगितलं. मंगळवेढ्यावरून एसटीने सोलापूरला जाऊन पाऊण तासाची थेरपी घेऊन परत यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. दादूला गर्दी आणि हॉर्न सहन होत नाहीत. तिथे पोचेपर्यंत तो रडून थकलेला असतो, मग ताई काय शिकवणार?

म्हणून पुण्याच्या एका सेंटरची ऑनलाइन थेरपी घेतली. आठवड्याला दोन सेशन, एकाचे ६०० रुपये. ताई स्क्रीनवर कार्डं दाखवतात, ॲपल, बॉल, कॅट असं म्हणायला लावतात. दादू पाच मिनिटंही बसत नाही. 'मांडीत घट्ट धरून बसवा' म्हणतात. धरलं की ओरडतो, चावतो. आता लॅपटॉपची बॅग दिसली तरी पलंगाखाली जाऊन बसतो. सासूबाई म्हणतात, 'डॉक्टर मोबाईल बंद करा म्हणतात आणि तुम्ही मोबाईलवरच शाळा भरवता.' त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मिस्टर म्हणतात सहा महिने पुण्यात खोली घेऊन राहा. मुलीची शाळा, सासऱ्यांचं डायलिसिस, बागेचा बहार, हे सगळं टाकून कशी जाऊ? जायलाच हवं असेल तर जाईन. पण आधी कुणीतरी खरं सांगा, एवढ्या लहान मुलाला ऑनलाइनचा उपयोग होतो का?

---

वाचा_आणि_भाषा

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. २०२० च्या लॉकडाऊनपासून ऑनलाइन काम करते. लातूर, बीड, परभणीकडची कुटुंबं आहेत, एक मराठी कुटुंब दुबईतलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादूच्या वयाच्या, अजून न बोलणाऱ्या मुलाला स्क्रीनसमोर बसवून कार्डं दाखवणं याला मी थेरपी म्हणणार नाही. तो पळतो यात त्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. धरून तर अजिबात बसवू नका. ज्या वेळी त्याला माणसांजवळ यावंसं वाटायला हवं, त्याच वेळी त्याला माणसांची भीती बसते आहे.

ऑनलाइनचा उपयोग होतो, नक्की होतो. पण या वयात शिकायला बसायचं ते घरातल्या मोठ्या माणसाने. थेरपिस्टने दादूशी बोलायची गरजच नाही. तिने तुम्हाला दादूबरोबर बघायचं आणि काय करायचं ते तुम्हाला सांगायचं. मी फोन फळीवर डब्याला टेकवून ठेवायला सांगते, मुलाला स्क्रीन दिसणार नाही असा. आईच्या एका कानात इअरफोन. मग आई रोजचंच करते, आंघोळ घालते, जेवू घालते, शेंगा सोलते. मी फक्त तिच्या कानात बोलते.

औशाजवळच्या एका वस्तीवरची तीन वर्षांची मुलगी होती, एकही शब्द नाही. आई फार प्रेमळ, पण दिवसभर विचारत राहायची, 'हे काय आहे? बोल पाणी. पाणी म्हण ना.' पोर तोंड फिरवायची. मी म्हटलं, आंघोळीच्या वेळी फोन लावा, मोरीच्या बाहेर, फक्त तुमचा चेहरा आणि तांब्या दिसेल असा. तिला अंगावर पाणी घेणं फार आवडायचं. आईने दोन तांबे ओतले, दरवेळी 'पाणी आलं!' म्हणत. तिसरा तांब्या वर धरला आणि मी कानात सांगितलं, 'आता थांबा. काही बोलू नका. तिच्याकडे बघत राहा.' पोरीने तांब्याकडे पाहिलं, हात वर केला. आईला राहवेना, ओतायला लागली. मी पुन्हा म्हटलं, 'थांबा, अजून थोडं.' मग पोरीने तांब्यावरून नजर काढून आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओठ मिटून 'प्' असा आवाज काढला. 'ओता, लगेच ओता!' मी ओरडलेच. आईने ओतलं आणि 'पाणी!' म्हणत हसली. पुढे पुढे ती पोर स्वतःच आईकडे वळून बघायला लागली. हे कुठल्याही सेंटरच्या खोलीत घडलं नसतं, कारण तिथे तिची मोरी नाही आणि तिचा तांब्याही नाही.

ही माझी एकटीची कल्पना नाही. गोव्यातली संगाथ संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, दोन्हीकडे मिळून ऑटिझम असलेल्या ६५ मुलांवर एक अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'मध्ये आला. त्यात आई-मुलाच्या खेळाचा छोटा व्हिडिओ घेत आणि तो आईबरोबर बसून पाहत. मूल कुठे तुमच्याकडे वळलं, तुम्ही तेव्हा काय केलंत, असं बोलत. हे काम मोठे तज्ज्ञ नव्हे, तर खास प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते करत होते. आई-वडील मुलाच्या कलाने घ्यायला शिकले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करायला लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याच्या बाबतीत मात्र फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. तो अभ्यास समोरासमोरचा होता. पण व्हिडिओ काढायचा आणि नंतर त्यावर बोलायचं, हे फोनवरून उत्तम जमतं. तुमच्याकडे रेंज जात असेल तर हाच मार्ग बरा. दुपारी पाच-सात मिनिटं खेळाचा व्हिडिओ काढा, व्हॉट्सॲपवर पाठवा आणि दादू झोपल्यावर थेरपिस्टशी निवांत बोला. सेशनमध्ये मूल नसलं तरी ते सेशनच आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रमही याच पायावर उभा आहे, खेळ आणि घरातली रोजची कामं.

आता भाषेचं. ॲपल, बॉल, कॅट कशाला? तुमच्या दारात डाळिंब आहे, अंगणात कोंबडी आहे. त्याने कधी हातात न घेतलेल्या वस्तूचं परक्या भाषेतलं नाव त्याला का यावं? 'ऑटिझम असेल तर एकच भाषा बोला, इंग्रजीच बोला' असं पुष्कळ ठिकाणी सांगतात, मला त्याचा फार त्रास होतो. घरात दोन भाषा असल्याने ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसत नाही. आजीची भाषा काढून घेतली तर दादूशी बोलणारं घरातलं एक माणूस मात्र कमी होतं.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. कानांची तपासणी झाली का? गाणं ऐकून पळत येतो म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालू नका. काही आवाज ऐकू येतात, काही येत नाहीत, असंही असतं. लहान मूल सांगू शकत नसेल तर बेरा तपासणी करतात, म्हणजे आवाज ऐकवून मेंदूचा प्रतिसाद यंत्रावर पाहतात, बहुतेक वेळा झोपेत. ही ऑनलाइन होऊच शकत नाही. थेरपीच्या आधी ही हवी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, पण त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, सोलापुरात होईल. आणि आलेले शब्द गेले, हे डॉक्टरांना पुन्हा ठळकपणे सांगा. अधूनमधून टक लावून थिजतो का, झटके येतात का, हे ते विचारतील.

जेवताना ठसका लागणं, गिळायला त्रास, हेही मी स्क्रीनवरून हाताळत नाही, हातानेच तपासावं लागतं. ओटीचं थोडंफार घरी करता येतं, पण आवाज-गर्दीचा त्रास कशामुळे आणि किती, हे ओटीने एकदा समोर बघावं.

सेंटरला सरळ विचारा: थेरपिस्टचा आरसीआय नोंदणी क्रमांक काय? भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांना लागते, क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. (ओटी आणि फिजिओ आरसीआयमध्ये येत नाहीत, महाराष्ट्रात त्यांची वेगळी राज्य परिषद आहे, तेव्हा त्यांच्याकडे आरसीआय क्रमांक नसला तर घाबरू नका.) पुढच्या तीन महिन्यांत दादूला काय यावं, हे लिहून मागा. 'बोलायला लागेल' हे उद्दिष्ट नव्हे. 'हवी असलेली वस्तू मागायला हात ओढण्याऐवजी बोट दाखवेल किंवा बघेल' हे उद्दिष्ट. आणि घरचे व्हिडिओ बघायला तयार आहात का, ते विचारा. नाही म्हणाले तर सेंटर बदला.

सहा महिने पुण्यात राहू नका. एकदा चार-पाच दिवस जा, समोरासमोर नीट तपासणी करून घ्या, त्यांनी दादूला आणि तुम्हाला प्रत्यक्ष बघू द्या. मग घरी या, ऑनलाइन चालू ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा दाखवून या. माझ्या अनुभवात हीच पद्धत टिकते.

---

बार्शीचा_बाबा

वरच्या मॅडमशी सहमत. फक्त ऑनलाइनच्या मर्यादेबद्दल भर घालतो, कारण आमचं प्रकरण वेगळं आहे. माझी मुलगी सात वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (सीपी). दोन्ही पाय कडक, धरून उभी राहते, अजून चालत नाही.

आम्ही जवळपास वर्षभर फिजिओ पूर्ण ऑनलाइन केला. व्यायाम मी आणि बायको दोघंही शिकलो आणि त्याचा फायदा झाला, कारण आधी 'ते फिजिओचं काम' म्हणून आम्ही तिला हात लावायलाच भ्यायचो. आज तिला ताणाचे व्यायाम मीच देतो. शिवाय ऑनलाइनमध्ये आमचं घर त्यांना दिसलं. त्यांनी पाहिलं की ती दिवसभर भिंतीला टेकून, पाय डब्ल्यूसारखे बाहेर टाकून बसते, आणि कोपऱ्यातली खुर्ची उंच आहे. सुताराकडून पाय टेकतील अशी बुटकी खुर्ची आणि समोर फळी करून घेतली. क्लिनिकमध्ये वर्षानुवर्षं गेलो असतो तरी हे कुणाला कळलं नसतं.

पण टाच वर उचलून राहते का, हे कॅमेऱ्यात बुटाच्या आत दिसत नाही. पोटरीचा स्नायू किती आखडलाय हे हाताने पाय वाकवूनच कळतं. आमचे एएफओ, म्हणजे पायाला लावायचे प्लास्टिकचे आधार, तिला लहान झाले होते. ती वाढत होती ना! स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं. समोर गेल्यावर फिजिओने पाय हातात घेतला आणि लगेच ओळखलं. दुसरं म्हणजे खुबा. जी मुलं चालत नाहीत त्यांचा खुब्याचा सांधा हळूहळू सरकू शकतो, सुरुवातीला दुखतही नाही. त्यासाठी ठरावीक काळाने एक्स-रे काढावाच लागतो. ज्यांची मुलं सीपीची आहेत त्यांनी हे लिहून ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ऑनलाइन चालू आहे म्हणून हे मागे पडतं, आणि मागे पडलं की ऑपरेशनवर जातं.

ताई, तुमचा मुलगा चालतो-पळतो, तेव्हा हे तुमच्यासाठी नाही. पण हा धागा वाचणारे आणखी असतील म्हणून लिहिलं. मिस्टरांना एक सांगा, सेशनच्या वेळी त्यांनीही जमेल तेव्हा बसावं. आमच्याकडे मी बसायला लागल्यावरच गाडी रुळावर आली. सगळं आईच्या डोक्यावर टाकलं की आई थकते आणि थेरपी थांबते.

---

गटसाधन_शिक्षिका

मी समग्र शिक्षामध्ये विशेष शिक्षिका आहे, मराठवाड्यात. थेरपीबद्दल वर उत्तम लिहिलंय, मी फक्त कागदपत्रांचं सांगते, कारण पैसे शेवटी तिथेच अडतात.

सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, कुठे चालतं ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१३ पासून) ही केंद्रं आहेत, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत सगळं मोफत. याच कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते. अंगणवाडीताईंना सांगून ठेवा, तिथूनच संदर्भचिठ्ठी मिळते. कानांची तपासणीही तिथूनच मार्गी लागेल.

मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, ऑटिझमचं मोजमाप आयएसएए या भारतीय मापनपट्टीवर होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त निघालं की पुढची दारं उघडतात. प्रमाणपत्र घेतलं की मुलावर शिक्का बसेल, असं सासरचे म्हणतील, ऐकू नका. शाळेत दाखवायचं की नाही ते नंतर तुम्ही ठरवा, पण हातात असू द्या.

राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. ऑनलाइन सेशनची पावती घेताना थेरपिस्टचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख असलेलीच घ्या. साध्या यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर दावा अडकतो.

दादू सहा वर्षांचा झाला की १८ पर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याला योग्य अशा विशेष शाळेत मोफत शिक्षण हा त्याचा कायद्याने हक्क आहे. पण तोवर वाट बघू नका, तुमच्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जाऊन भेटा, आत्ताच नाव सांगून ठेवा.

---

डाळिंबबाग_सांगोला

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री मिस्टरांना आणि सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. खुब्याचं वाचून सासूबाई रडल्या, त्या मुलीसाठी. बार्शीच्या दादांना त्यांचा नमस्कार सांगितलाय.

कानांची तपासणी झालेली नाही, कुणी सांगितलीच नव्हती. सोलापूरला फोन केलाय. सेंटरला नोंदणी क्रमांक विचारला, त्यांनी दिला, बरोबर आहे. घरचे व्हिडिओ बघायलाही ताई तयार आहेत, 'आधी कुणी पाठवतच नाही' म्हणाल्या.

एक अडचण आहे. दादूने हात ओढायच्या आत सासूबाई वस्तू हातात देतात. दुधाचा पेला, बिस्किट, सगळं. तो उठायच्या आत हजर. त्यांना 'थांबा' कसं सांगू? त्यांना वाटेल मी नातवाला उपाशी ठेवते. आणि तो बोललाच नाही तर? ते चित्रांचं ॲप असतं म्हणतात, ते दिल्यावर मूल बोलायचं सोडून देतं का?

---

वाचा_आणि_भाषा

आधी ॲपचं. चित्रं दाखवून मागितल्याने बोलणं थांबत नाही. उलट मागता आलं की रडारड कमी होते आणि बऱ्याच मुलांना शब्दांकडे यायला त्याची मदतच होते. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो मोफत आहे आणि मराठीतही आहे. पण आत्ताच फोनवर नको. दादूला फोन म्हणजे गाणी. पेला, बिस्किट, झोका, बाहेर जाणं, अशा त्याच्या चार आवडीच्या गोष्टींचे फोटो काढून छापून घ्या आणि स्वयंपाकघराच्या दारावर त्याच्या हाताच्या उंचीवर लावा. ॲपचं थेरपिस्टबरोबर नंतर ठरवा.

आता सासूबाई. त्यांना 'देऊ नका' सांगूच नका. जेवण आणि दूध त्यांनी वेळेवर द्यावंच, भुकेल्या मुलाकडून शब्द काढायचा नसतो. त्यांना एक खेळ सोपवा. तळहातावर चिमणीला दाणे घालायचे, मग दोन बोटं मनगटावरून, कोपरावरून चढत चढत काखेत गुदगुल्या, हा खेळ त्यांना नक्की येत असेल, माझ्या आजीलाही येत होता. दोनदा पूर्ण खेळायचा. तिसऱ्यांदा बोटं कोपरापर्यंत नेऊन थांबायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. तो हात पुढे करेल, हसेल, डोळ्यांत बघेल किंवा आवाज काढेल. काहीही केलं की लगेच गुदगुल्या. त्याने काहीच केलं नाही, तरी थोडं थांबून खेळ पूर्ण करायचा, अर्धवट सोडायचा नाही. थांबणं काय असतं हे त्यांना या खेळात कळलं की बिस्किटाच्या वेळी मुद्दाम सांगावं लागत नाही. मी आजवर पाहिलेल्या आज्यांपैकी बऱ्याच जणी आयांपेक्षा यात पटाईत निघाल्या, त्यांना घाई नसते.

पहिला व्हिडिओ या खेळाचाच काढा. आजी आणि दादू दोघांचे चेहरे दिसतील असा, बाजूने, उजेडात, पाच मिनिटं पुरेत. दादूला फोन दिसू नये म्हणून मुलीला धरायला द्या. पुढच्या सेशनआधी तो सेंटरच्या ताईंना पाठवा आणि मेसेजमध्ये लिहा की या वेळी दादू स्क्रीनसमोर येणार नाही, आपण दोघी व्हिडिओवर बोलू. लॅपटॉप बॅगेतून काढूच नका, फोनवरच बोला. आणि बेराची तारीख मिळाली की इथे कळवा, त्या दिवशी त्याला कधी झोपवायचं आणि कधी उठवायचं ते सांगते. प्रवासात झोपला तर तिथे गेल्यावर झोपत नाही.